सात-दहाची रिंग

बायको गेल्यानंतरही आमच्या घरचा फोन रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वाजायचा. एकच रिंग. मग बंद.

ती होती तेव्हाची ही आमची खूण होती. ऑफिसातून वेळेवर निघाली तर फोन दोनदा वाजून थांबायचा. म्हणजे कुकर लावा. उशीर होणार असेल तर सात-दहाला एकदाच वाजायचा. म्हणजे थांबू नका, जेवून घ्या. फोन उचलायचा नाही, बोलायचं नाही. नऊ वर्षं हे असं चाललं होतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

ती गेल्यावर दहा दिवसांनी मी पहिल्यांदा ती रिंग ऐकली. त्याआधीही वाजत असेल, पण घरात माणसं होती, आवाज होते. त्या दिवशी मी एकटा होतो. मी धावत जाऊन फोन उचलला. लाइन कापल्याचा सूर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढचे चार दिवस मी फोनजवळ खुर्ची घेऊन बसलो आणि पहिल्या रिंगलाच उचलला. दर वेळी तोच सूर. मग उचलणं सोडलं. रिंग झाली की उठायचो आणि जेवून घ्यायचो. उशीर होणार असं तिने कळवलं होतं, तर थांबून काय करणार?

हे मी लेकीला सांगितलं. ती दुसऱ्या गावात नोकरी करते, रविवारी येते. पुढच्या रविवारी ती मुद्दाम सात वाजता फोनसमोर बसली. सात-दहा झाले, सव्वासात झाले. फोन वाजला नाही.

"बाबा, लाइनमध्ये बिघाड असेल," ती म्हणाली. "तसाही हा फोन आता कोण वापरतं? काढून टाकू या."

"राहू दे."

"बरं. पण तुम्ही रात्री झोपता ना नीट?"

तिला काय वाटलं ते मला कळलं. सोमवारी सात-दहाला फोन वाजला. मी तिला ते कळवलं नाही.

माझ्या बायकोचं काम लिफ्टचं होतं. लिफ्टमध्ये माणूस अडकला की तो आतलं घंटीचं बटण दाबतो. ते बटण ज्या ऑफिसात वाजतं तिथे ती होती. शहरातल्या चार हजार एकशे बारा लिफ्टच्या लाइन तिथे येतात. कोणती लिफ्ट, कोणती इमारत, कोणत्या ऑपरेटरकडे बोलणं जोडायचं, हे सगळं एक प्रोग्राम बघतो. तो प्रोग्राम तिने लिहिला होता. एकटीने.

मीही प्रोग्रामरच. तीस वर्षं बसगाड्यांच्या वेळापत्रकांचे प्रोग्राम लिहिले. पण तिची भाषा वेगळी होती आणि मी ती कधी शिकलो नाही. ती जेवताना सांगायची. "तुमच्यात सगळ्यांचा मिळून एकच डबा. कोणीही हात घालतो, मग भाजी कोणी संपवली म्हणून भांडत बसता. माझ्यात प्रत्येकाचा डबा वेगळा. काही हवं असेल तर चिठ्ठी पाठवायची." मी हो हो म्हणायचो. माझं लक्ष नसायचं. मला ती "वेळापत्रक" म्हणायची. "वेळापत्रक, ऐकताय का?" मी ऐकत नव्हतो.

ती गेल्यावर आठव्या महिन्यात तिच्या ऑफिसच्या साहेबांचा फोन आला, तो मोबाइलवर. जुनी मशीन चार महिन्यांनी, तीस तारखेला, बंद होणार होती. बाईंचा प्रोग्राम नव्या मशीनवर न्यायचा तर ती भाषा येणारा माणूस हवा, तो मिळत नव्हता.

"तुम्ही शिकाल का?" साहेबांनी विचारलं. "नाही जमलं तर बाहेरून तयार प्रोग्राम घेऊ. मग बाईंचा ठेवण्यात अर्थ नाही."

मी शिकेन म्हणालो. तिने लिहिलेलं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. पत्रं आम्ही कधी लिहिली नाहीत. तो प्रोग्राम पुसला गेला असता तर तिचं सगळं लिखाण गेलं असतं.

मला तिचीच खुर्ची दिली. खोलीत तीन ऑपरेटर आळीपाळीने बसायच्या. दिवसाची ऑपरेटर वीस वर्षांपासूनची होती. ती माझ्या बायकोला ताई म्हणायची, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी भाऊजी झालो.

"भाऊजी, ती खुर्ची डावीकडे कलते," ती म्हणाली. "ताईंनी पाच वर्षं तक्रार केली. मग त्याच थोड्या कलून बसायला लागल्या."

मी बसलो आणि कललो.

एकोणसाठाव्या वर्षी नवी भाषा शिकणं म्हणजे उलट्या हाताने दाढी करण्यासारखं होतं. हात माहीत असतो, चेहरा माहीत असतो, तरी कापतं. माझ्या भाषेत मी एखाद्या नावात आकडा ठेवायचो, उद्या दुसरा ठेवायचो. इथे एकदा नावाला जे दिलं ते दिलं. पुन्हा बदलायला गेलो की भाषा नाही म्हणायची. पहिला आठवडा मी त्याच भिंतीवर डोकं आपटत होतो. तेच तेच काम पुन्हा करायला माझ्या भाषेत फेऱ्या होत्या, लूप म्हणतात त्या. इथे काम संपलं की ते स्वतःलाच परत बोलवायचं आणि पुढे जे हातात द्यायचं तेवढंच उरायचं, बाकी गेलं.

आणि चार हजार एकशे बारा लिफ्टसाठी चार हजार एकशे बारा छोटे जीव. त्यांना प्रोसेस म्हणतात. प्रत्येक लिफ्टचा एक. तो आपल्या लिफ्टची लाइन ऐकत बसतो. बाकी कोणाचं त्याला काही माहीत नाही. चिठ्ठी आली तर वाचतो, नाही आली तर थांबतो. पडद्यावर त्यांची यादी काढली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. तिला जाऊन आठ महिने झाले होते आणि तिने उभे केलेले हे सगळे अजून कान देऊन बसले होते.

प्रोग्राममध्ये मधूनमधून तिने स्वतःसाठी ओळी लिहिल्या होत्या. "इथे घाई करू नये." "हे का चालतं ते कळलं नाही, पण चालतं." एका ठिकाणी, "वेळापत्रकाने हे पाहिलं तर हसेल." मी हसलो नाही. त्या दिवशी लवकर घरी गेलो.

सगळ्यात न पटलेली गोष्ट वेगळीच होती. या भाषेत प्रोसेसला मरू देतात. काही चुकीचं आलं, समजेना, तर तिने सावरत बसायचं नाही, पडायचं. तिच्यावर एक राखणदार नेमलेला असतो. तो बघतो, ही पडली, आणि त्याच जागी नवी, कोरी उभी करतो. अर्ध्या सेकंदाचंही काम नाही. बायकोच्या प्रोग्राममध्ये दिवसाला चाळीस-पन्नास प्रोसेस अशा पडायच्या आणि उठायच्या. ऑपरेटरच्या पडद्यावर तेवढ्यापुरता दिवा लाल होऊन पुन्हा हिरवा व्हायचा.

मला ते बघवेना. बसगाड्यांच्या ऑफिसात प्रोग्राम पडला की मान खाली घालून उभं राहावं लागायचं. तीस वर्षं मी प्रत्येक भोक बुजवत आलो होतो. आणि खरं सांगायचं तर तिने लिहिलेलं काहीतरी रोज पन्नास वेळा मरतं, हे मला सहन होत नव्हतं. दुसऱ्या महिन्यात मी लिफ्टच्या प्रोसेसभोवती कुंपण घातलं. काहीही चुकीचं आलं तरी गिळून टाक, पडू नकोस, पुढे चल. या भाषेत चालू प्रोग्राम न थांबवता बदलता येतो. मी बदलला. त्या दिवशी एकही दिवा लाल झाला नाही. मी स्वतःवर खूश होतो.

तीन दिवसांनी एका दवाखान्याच्या इमारतीत दाताची डॉक्टर लिफ्टमध्ये अडकली. एकतीस मिनिटं बटण दाबत होती. आमच्याकडे काही वाजलं नाही. शेवटी तिने बुटाने दार बडवलं, ते वॉचमनने ऐकलं.

मी त्या लिफ्टची प्रोसेस उघडून पाहिली. सकाळी लाइनवरून एक खराब चिठ्ठी आली होती. तेव्हाच ती पडायला हवी होती. माझ्या कुंपणाने तिला पडू दिलं नाही. ती जिवंत होती, पण आधीचं बोलणं अजून चालूच आहे असं धरून बसली होती. पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्या पेटीत न वाचलेल्या साचल्या होत्या. डॉक्टरने चौऱ्याहत्तर वेळा बटण दाबलं होतं.

ऑपरेटर माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं.

"ताईंच्या वेळी दिवे लाल व्हायचे, भाऊजी. पण माणसं सुटायची."

"चुकलं माझं."

"माझ्या पडद्यावर हिरवं होतं. मी हिरवं बघून चहा पीत होते. कळतंय ना तुम्हाला?"

मी कुंपण काढलं. डॉक्टरची माफी मागायला साहेबांबरोबर गेलो. ती म्हणाली, पुढच्या वेळी मी जिन्यानेच जाईन. परत येताना साहेब गाडीत एवढंच म्हणाले, "तीस तारीख लक्षात आहे ना? आणखी एक असं झालं तर मला बाहेरूनच घ्यावा लागेल."

त्यानंतर मी ठरवलं की आधी सगळं नीट बघायचं. प्रत्येक प्रोसेसवर राखणदार आहे की नाही ते तपासायला एक छोटा प्रोग्राम लिहिला. ज्यांच्यावर कोणी नाही त्यांची यादी मागितली. यादीत एकच नाव आलं.

घर.

ती लिफ्ट नव्हती. तिचा कोणत्याही इमारतीशी संबंध नव्हता. मशीन शेवटची दोन वर्षांपूर्वी बंद होऊन चालू झाली होती, त्याच दिवसापासून ती चालू होती, आणि दोन वर्षांत एकदाही पडली नव्हती. आत्ता ती थांबून होती. कशासाठी, ते शोधायला मी तिची फाइल शोधली. बायकोच्या एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये सापडली. अठरा ओळी.

मला आता ती भाषा वाचता येत होती. तीन महिन्यांपूर्वी आली नसती. मी ओळीवर बोट ठेवून वाचलं. रविवार सोडून रोज: "निघाले" या चिठ्ठीची वाट बघ. आली, तर या नंबरवर दोन रिंगा दे. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत आली नाही, तर एक रिंग दे. मग उद्यापर्यंत झोप.

नंबर आमच्या घरचा होता.

तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मी रोज सहाला निघायचो. त्या दिवशी बसून राहिलो. सात वाजून नऊ मिनिटांनी पडद्यावर ती प्रोसेस तशीच होती. दहा झाले. ती जागी झाली. बाहेरची एक लाइन घेतली, नंबर फिरवला, लाइन सोडली. मग पुन्हा गप्प.

घरी तेव्हा कोणी नव्हतं. फोन रिकाम्या घरात वाजला असणार.

मी इतकी वर्षं समजत होतो की ती स्वतः फोन लावते. आणि ती गेल्यावर अकरा महिने मी काय समजत होतो ते मला इथे लिहायचं नाही. ते सगळं अठरा ओळींत होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. कारण ती प्रोसेस खरोखरच वाट बघत होती. दर संध्याकाळी तिच्या चिठ्ठीची. आणि चिठ्ठी न आल्यामुळे दर संध्याकाळी एकच अर्थ काढत होती, की तिला उशीर होतोय.

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेटरला दाखवलं. ती ओळखून हसली.

"हे होय. ताई जाताना एक ओळ टाइप करायच्या. मी म्हटलं, अहो फोन उचला आणि लावा की. तर म्हणाल्या, ऑपरेटरच्या फोनवरून घरचं बोलायचं नाही हा नियम मीच केलाय."

"मला वाटायचं ती फोन लावते."

"त्यांनीच तर लावला," ती म्हणाली. "एकदाच बसून नऊ वर्षांचा लावला. तुम्ही एक तरी कधी लावलात का इकडे?"

मी लावला नव्हता.

नव्या मशीनचं काम पुढे चाललं होतं. लिफ्ट शंभर-शंभरच्या गटाने हलवत होतो. घर हलवायला फार काही लागणार नव्हतं. मी ते नव्या मशीनसाठी लिहूनही ठेवलं, आणि वर एक राखणदार. म्हणजे पडली तरी उठेल. लाइट गेली, मशीन बदलली, तरी उठेल. मी असेपर्यंत आणि त्यानंतरही सात-दहाला एक रिंग होत राहील.

तीस तारखेच्या आदल्या दिवशी ऑपरेटरने पडद्यावर ते बघितलं. भाषा तिला येत नव्हती, पण राखणदारांचा तक्ता ती वीस वर्षं बघत होती.

"याला राखणदार दिलात?"

"हो. ती द्यायला विसरली असेल."

"विसरल्या नव्हत्या. मी विचारलं होतं एकदा. मशीन बंद पडली की ताई हे हाताने परत चालू करायच्या, तेव्हा म्हटलं, यावर बसवा ना एक राखणदार."

"मग?"

"म्हणाल्या, लिफ्टमध्ये माणूस अडकतो म्हणून राखणदार. घरी कोण अडकलंय?"

ती आपल्या जागेवर गेली. तिच्याकडे एका लिफ्टची घंटी वाजत होती. ती माइकमध्ये सांगू लागली, घाबरू नका, माणूस निघालाय, दार ओढू नका. तिचं बोलणं मी त्या कलत्या खुर्चीतून शेवटपर्यंत ऐकलं. मग राखणदाराच्या त्या ओळी पुसल्या. नव्या मशीनसाठी लिहिलेलं घरही पुसलं.

तीस तारखेला बुधवार होता. लेकीने रजा घेतली होती. आईचं कपाट आवरायचं मी दर रविवारी पुढे ढकलत होतो, म्हणून ती मुद्दाम मधल्या वारी आली. सकाळी मी निघालो तेव्हा ती साड्यांच्या घड्या पलंगावर काढत होती. मी तिकडे न बघता बूट घातले.

संध्याकाळी साडेपाचला शेवटचा गट हलवला. चार हजार एकशे बारा. ऑपरेटरने सगळ्यात आधी दाताच्या डॉक्टरच्या इमारतीत फोन करून वॉचमनला बटण दाबायला लावलं. वाजलं. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "बाईंचाच राहिला म्हणायचा."

जुन्या मशीनवर आता एकच प्रोसेस उरली होती.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. बायको गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. खाली औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होतो. माझ्यापुढे सात माणसं होती. वर आलो तेव्हा तिला जाऊन वीस मिनिटं झाली होती. नर्स म्हणाली, आम्ही तुम्हाला शोधलं. त्या वीस मिनिटांत मी रांगेत एका माणसाशी पावतीवरून वाद घातला होता.

या भाषेत एक सोय आहे. एक प्रोसेस दुसरीवर नुसती नजर ठेवू शकते. वाचवायला नाही, उठवायला नाही. फक्त ती गेली की त्याच क्षणी कळावं म्हणून. मी नव्या मशीनवरून घर या प्रोसेसवर तशी नजर ठेवली. एक ओळ लागते.

मग तिच्या जुन्या पडद्यावर मी ती चिठ्ठी टाइप केली. निघाले. पाठवली. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. प्रोसेस जागी झाली, बाहेरची लाइन घेतली.

दोन मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. लेक होती.

"बाबा, आत्ता घरचा फोन वाजला. दोनदा. उचलायला गेले तर बंद."

"हो."

तिच्या मागे कपाटाचं दार करकरलं.

"आईची दोन रिंगांची खूण होती ना? मी शाळेत असताना नव्हती ही. तुम्ही सांगायचात."

"हो. कुकर लाव म्हणून."

"मग लावू?"

"लाव. मी येतोय."

"वाजतो म्हणजे फोन," ती म्हणाली. "तुम्ही म्हणत होतात तो."

"आज शेवटचा."

साहेबांनी विचारलं, बंद करू का. मी म्हटलं, मी करतो. मशीन आतल्या थंड खोलीत होती. बटण पाच सेकंद दाबून धरावं लागलं. पंख्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. नव्या मशीनच्या पडद्यावर एक ओळ आली होती. घर गेलं. कारण: जोडणी तुटली. खाली वेळ. मी मनगटावरच्या घड्याळाशी पडताळली. तेच मिनिट होतं.

ऑपरेटर पर्स घेऊन उभी होती. तिची पाळी संपली होती.

"निघताय ना, भाऊजी?"

"निघालो."

घरी पोचलो तेव्हा कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या होत्या. लेकीने कपाट अर्धं आवरलं होतं, अर्धं तसंच ठेवलं होतं. म्हणाली, बाकीचं तुम्ही बघा, घाई नाही. आम्ही जेवायला बसलो. फोन माझ्या समोर स्टुलावर होता. सात वाजले. सात-पाच झाले. लेक तिच्या ऑफिसमधल्या कुणाबद्दल काहीतरी सांगत होती आणि मी अधूनमधून हो हो म्हणत होतो.

मग ती थांबली. "बाबा, ऐकताय का?"

मी फोनकडची नजर काढली.

"नव्हतो ऐकत," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग."

तिने पहिल्यापासून सांगितलं. मधे केव्हातरी सात-दहा होऊन गेले असतील.